देवबागची दुसरी बोट : जुनं इंजिन घेताना सुट्या भागांचा हिशेब

पार्श्वभूमी

देवबागला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. नदी समुद्राला मिळते तो संगम, सुनामी आयलंड आणि सकाळचे डॉल्फिन, एवढ्यावर इथल्या कितीतरी घरांची चूल आज चालते. अशाच एका घरातल्या दोन भावांचं हे प्रकरण. नावं देत नाही, ओळख पटेल अशा एक-दोन खुणाही बदलल्या आहेत. मी मालवण तालुक्यात आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसणाऱ्या इंजिनांची कामं करतो. ही खरेदी ठरली तेव्हा पहिल्या फोनपासून मी सोबत होतो, आणि त्यातली एक चूक सरळसरळ माझी आहे. ती पुढे येईलच.

दोघा भावांकडे एक १८ फुटी फायबरची बोट होती, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक. नाताळात आणि मे महिन्यात गिऱ्हाईक परत पाठवावं लागायचं. म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात दुसरी बोट घ्यायचं ठरलं. घरचे ४ लाख आणि पतसंस्थेचं ५ लाखांचं कर्ज, मिळून ९ लाख. हप्ता सप्टेंबरपासून सुरू होणार होता, बोट पाण्यात असो वा नसो.

अडचण

नवा सांगाडा आणि नवं ६० चं फोर-स्ट्रोक इंजिन ९ लाखांत बसत नव्हतं, शिवाय सांगाडा दिवाळीनंतर मिळणार होता. म्हणजे जुनीच घ्यायची. जुन्या बोटीचा सांगाडा ठोकून, खरवडून निदान अंदाज येतो. इंजिन मात्र विकणारा दाखवील तेवढंच दिसतं.

त्यात आमचा हंगाम आखूड. मे अखेरीस पर्यटकांची बोट बंद होते ती ऑगस्ट संपेपर्यंत. उरलेल्या नऊ महिन्यांतही खरा पैसा दिवाळीचे पंधरा दिवस, नाताळ ते नवं वर्ष आणि एप्रिलच्या मध्यापासून मे एवढ्यातच. गर्दीच्या दिवशी खर्च वजा जाता या घराला एका बोटीमागे सुमारे ७ हजार सुटतात. त्यातले वीस दिवस बोट किनाऱ्यावर उभी राहिली तर १ लाख ४० हजार गेले, आणि ते पुढच्या महिन्यात भरून निघत नाहीत.

समोरचे पर्याय

पहिली बोट गोव्यातली. २००९ ची, २१ फुटी, परदेशी बनावटीची, पांढऱ्या गाद्या, पुढे बसायला जागा. इंजिन आत, सहा सिलिंडरचं, ४.३ लिटरचं पेट्रोल, आणि मागे स्टर्नड्राइव्हचा पाय, म्हणजे आतल्या इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा भाग. तासांच्या मीटरवर ३४०. सांगितलेली किंमत साडेसहा लाख. धाकट्याचं मन पहिल्या फोटोतच तिच्यावर बसलं होतं.

दुसरी वेंगुर्ल्याकडची. सात वर्षं वापरलेली, २० फुटी स्थानिक फायबरची, मागे ६० चं जपानी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. मालक पर्यटकांचाच धंदा करायचा आणि तास २,१०० च्या वर गेल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं. मागणी ७ लाख २५ हजार. रंग उडालेला, गाद्या फाटलेल्या.

गोव्याच्या बोटीचा सांगाडा घेऊन मागे आउटबोर्ड लावायचा असाही एक विचार निघाला. तिच्या मागच्या भिंतीला पायासाठी मोठं भोक होतं. ते बुजवून, भिंत पुन्हा बांधून, वर नवं इंजिन आणायचं म्हणजे ९ लाख कुठल्या कुठे गेले असते. तो विचार चहा संपायच्या आत बाजूला पडला.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं : "मिस्त्री, ३४० तास म्हणजे इंजिन नवाच मां?"

इथे पुष्कळ जण फसतात. पंधरा वर्षांत ३४० तास, म्हणजे वर्षाला २२-२३. उरलेला सगळा काळ समुद्राचं खारं पाणी फिरलेलं ते इंजिन दमट हवेत नुसतं उभं होतं. चालत्या इंजिनात तेल फिरत राहतं, पाणी वाहत राहतं. उभं इंजिन आतून गंजतं, रबर सुकतं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो. रोज चाललेल्या आणि वेळेवर तेल बदललेल्या २,१०० तासांच्या इंजिनाचा माग काढता येतो. उभ्या इंजिनाचा काढता येत नाही.

तपासणी

गोव्याला सकाळी आठला पोचलो. बोट ट्रेलरवर होती. मालक माणूस बरा, चहा सांगितला, आणि चावी फिरवली तर अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू. धाकट्याचा चेहरा फुलला. मी इंजिनाचं झाकण उघडून एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, तळहात ठेवला. तो आधीच कोमट होता. आम्ही यायच्या आधी कोणीतरी इंजिन चालवून ठेवलं होतं.

थंड इंजिन कसं सुरू होतं, किती धूर टाकतं, हेच बघायला तर गेलो होतो. मी म्हटलं, आपण थांबू. धाकट्याला ते आवडलं नाही, मालकासमोर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं त्याला. तरी थांबलो. दुपारी एकला पुन्हा चावी मारली तर तीन वेळा खोकून चौथ्यांदा इंजिन पेटलं आणि मागे पांढरा धूर काढला.

मग प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती चढतो ते माप, घेतलं. चार सिलिंडर १६० ते १६५. डाव्या बाजूचे तीन आणि पाच नंबर मात्र १२० आणि १२५. दोन्ही शेजारी शेजारी. सगळे सारखे उतरलेले असते तर म्हातारं इंजिन म्हटलं असतं. शेजारचे दोनच खाली आले की पहिला संशय दोघांमधली फट बंद ठेवणाऱ्या हेड गॅसकेटवर जातो. त्या दोघांत थोडं तेल सोडून पुन्हा मोजलं, आकडा वर गेला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने गेला असता. पाच नंबरच्या प्लगवर तांबूस गंज होता, म्हणजे आत पाणी पोचलेलं. या इंजिनांत धूर आणि थंड करणारं पाणी जिथे एकत्र येतं ते मॅनिफोल्ड आणि रायझर खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांत बदलायचे असतात. नाही बदलले तर आतली भिंत खाऊन पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरतं. बदलल्याचं एकही बिल नव्हतं.

ड्राइव्हच्या पायाचा खालचा स्क्रू सैल केला. बोटावर आलं ते दुधाचा चहा वाटावा असं गिअर ऑइल. पाणी शिरलेलं. पाय जिथे बोटीला जोडलेला असतो तिथला रबरी भाता दुमडीत चिरलेला. तो फाटला की पाणी थेट बोटीत येतं.

वेंगुर्ल्याची बोट दोन दिवसांनी पाहिली. इंजिन थंड होतं, पहिल्या फेऱ्यात सुरू झालं, बाजूने पाण्याची धार जोरात. लॅपटॉप लावला. या इंजिनांत तास कंट्रोल युनिटमध्ये साठतात, मीटर बदलून लपवता येत नाहीत. एकूण २,१४८, त्यातले बहुतेक मिनिटाला दोन ते चार हजार फेऱ्यांच्या मधले, पाच हजारांच्या वर जेमतेम साठ. म्हणजे पिळून काढलेलं इंजिन नव्हतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १८० ते १८६. गिअर ऑइल स्वच्छ.

दोन गोष्टी खटकल्या. इंजिन ऑइल खुणेच्या वर होतं आणि त्याला पेट्रोलचा वास होता. इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन नीट तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. दुसरी गोष्ट मागच्या भिंतीची. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तर सगळीकडे टणक आवाज आणि डावीकडच्या खालच्या बोल्टभोवती ढब्ब. मालकाच्या परवानगीने तो बोल्ट काढला. त्याच्या आट्यांना ओला, काळपट भुसा चिकटून आला. आतलं प्लायवूड भिजलं होतं.

सुट्या भागांची फोनाफोनी

दोन्ही बोटींचे दोष कागदावर आल्यावर मी तिघा दुकानदारांना फोन केले. दोन्ही इंजिनांसाठी पाचच भाग विचारले : इम्पेलर (थंड करणारं पाणी खेचणारं रबरी चाक), थर्मोस्टॅट, पेट्रोल पंप, स्टार्टर आणि गिअरकेसचं सील-किट (गिअरमध्ये पाणी शिरू न देणाऱ्या कड्यांचा संच). प्रश्न दोन. किंमत काय, आणि आज पैसे टाकले तर हातात कधी?

आउटबोर्डचं उत्तर लगेच आलं. इम्पेलर आणि थर्मोस्टॅट मालवणातच शेल्फवर, बाकीचे दोन ते चार दिवसांत. पाचांची बेरीज ७१ हजार. आपल्या किनाऱ्यावर याच घराण्यातली इंजिनं शेकड्यांनी चालतात म्हणून दुकानदार माल ठेवतो, आणि अडीअडचणीला शेजारच्या तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) पेटीतही तो सापडतो.

गोव्याच्या बोटीला इम्पेलर चार दिवसांत. बाकी सगळं आगाऊ पैसे भरून पाच ते सात आठवड्यांत. मॅनिफोल्ड-रायझरची जोडी, भाते, बेअरिंग, हेड गॅसकेट आणि मजुरी धरून २ लाख ९० हजारांचा अंदाज निघाला.

धाकट्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या किमती काढून दाखवल्या, आणि त्याचं खरं होतं. तिकडे या इंजिनाचे भाग स्वस्त आणि मुबलक आहेत, कारण ते मुळात ट्रकमध्ये बसणाऱ्या इंजिनावर बेतलेलं आहे. तिकडच्या माणसाने ही बोट घेतली असती तर मी वेगळं बोललो असतो. देवबागला येईपर्यंत त्याच भागावर भाडं, शुल्क आणि दीड महिना चढतो. मग तो म्हणाला, ट्रकचं इंजिन आहे तर स्टार्टर ट्रकचाच बसवू. याला मी साफ नकार दिला. बंद जागेत बसणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडणार नाही असे बांधलेले असतात. गाडीचे तसे नसतात. बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते, आणि एक ठिणगी पुरते. वर दहा माणसं बसलेली असताना हा प्रयोग मी माझ्या हाताने करणार नाही.

निर्णय

त्या रात्री त्यांच्या पडवीत बसलो. थोरला कमी बोलतो. धाकट्याचा मुद्दा खोटा नव्हता : पर्यटक फोटो बघून बोट निवडतात, वेगाच्या फेरीला दर जास्त मिळतो. तेवढ्यात आई आतून बाहेर आली. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "मोडला तर सामान खयसून येतला? आणि येयसर आमी काय करूचा?" सामान कुठून येणार, आणि ते येईपर्यंत आपण काय करायचं?

कागदावर तोच प्रश्न माझ्या भाषेत मांडला. गोव्याची बोट पावणेसहापर्यंत उतरत होती. त्यावर दुरुस्ती २ लाख ९०, म्हणजे ८ लाख ६५ हजार. वर ट्रेलरने आणणं, गोव्याची नोंद इकडे फिरवणं आणि खासगी बोटीला प्रवासी वाहतुकीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडून नव्याने परवानगी घेणं. हाताशी काहीच उरत नव्हतं, आणि पुढचा बिघाड आला की पुन्हा दीड महिना. इंधनाचा हिशेब त्यानंतर केला. धाकट्याच्या म्हणण्याप्रमाणे हंगामात २५० तासच चालवली, तरी वेंगुर्ल्याच्या बोटीपेक्षा ताशी सरासरी १५ लिटर जास्त, लिटरला १०५ रुपये धरून ३ लाख ९३ हजार.

धाकटा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "वेंगुर्ल्याचीच बघूया."

काय केलं

कॉम्प्रेशनचे आकडे, तेलाचा वास आणि तो ओला भुसा, तिन्ही मालकासमोर ठेवले. ६ लाख ४० हजारांवर सौदा झाला. ऑगस्टमध्ये कागदपत्रांवरचा इंजिन नंबर इंजिनावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि नाव लावण्याचा अर्ज केला.

दुरुस्तीला मी ८५ हजार धरले होते. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, प्लग, तेलं आणि गंज स्वतःवर ओढून घेणारं झिंक बदललं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या घातल्या आणि पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर बसवला. कारण २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येत गेलं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल पाणी ओढतं. फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतं, आणि इंजिन ओढतं तेही तळातूनच. जुन्या रबराला ते खातं ते वेगळं.

मागची भिंत उघडली तेव्हा ओल मला वाटली होती त्याच्या दुप्पट निघाली. ८५ हजारांचे १ लाख ३० हजार झाले. थोरल्याने एक जुनं ९.९ चं छोटं इंजिन ५५ हजारांना घेऊन बाजूला लावलं. मला तेव्हा तो खर्च थोडा जास्त वाटला होता. एकूण ८ लाख २५ हजार. उरलेले ७५ हजार आईने कपाटात ठेवले आणि सांगितलं, हे इंजिनाचे.

काय झालं

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा भरल्या बोटीने गेलो तेव्हा पूर्ण थ्रॉटलला इंजिन ४,७०० च्या वर जाईना. कंपनीची मर्यादा पाच ते सहा हजारांची. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो बोटीला किती पुढे ढकलेल ते माप, या वजनाला जास्त होता, इंजिन चढावर टॉप गिअरमध्ये रेटल्यासारखं रेटलं जात होतं. १४ चा पंखा काढून १२ चा लावला, फेऱ्या ५,०५० वर आल्या.

नोव्हेंबरमध्ये संगमावर, ओहोटीचं पाणी बाहेर पडताना आणि समोरून लाट येत असताना इंजिन दोनदा अडखळून बंद पडलं. बोटीत नऊ पर्यटक, सगळ्यांच्या अंगात जॅकेट. तारकर्लीजवळ बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेल्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. २४ मे २०२२ ही तारीख इथला बोटवाला विसरलेला नाही. धाकट्याने घाबरून पुन्हा पुन्हा चावी मारत न बसता ९.९ सुरू केलं आणि बोटीचं तोंड लाटेकडे ठेवून तिला नदीत आणलं. फिल्टरच्या वाटीत निम्मं पाणी होतं. टाकी रिकामी करून, पंप साफ करून दोन दिवसांत बोट परत चालू. ५५ हजार जास्त वाटले होते हे मी थोरल्याकडे बोललो होतो, ते शब्द मी परत घेतले.

एप्रिलच्या उत्तरार्धात टिल्टची, म्हणजे इंजिन वर-खाली करणारी, मोटर गेली. वाळूच्या पट्ट्यावर येताना इंजिन वर उचलता येईना. बाजूचा व्हॉल्व्ह सैल करून दोघांनी मिळून शंभर किलोच्या वरचं इंजिन हाताने उचलायचं, खाली आणल्यावर व्हॉल्व्ह आठवणीने घट्ट करायचा, नाहीतर रिव्हर्स टाकला की इंजिन उसळतं. गिऱ्हाईक बसलेलं असताना हे चालवायचं नाही असं थोरल्याने ठरवलं. मोटर मुंबईहून यायला चार दिवस म्हणाले होते, लागले नऊ. त्यांतले सहा गर्दीचे.

त्यात २०२५ चा पाऊस लवकर आला. २५ मेला मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला, त्याआधीच दर्या खवळलेला, आणि मेचा शेवटचा आठवडा तसाच गेला. तरी हप्ता एकही चुकला नाही. हंगामात इंजिन ५६२ तास चाललं आणि बिघाडापायी अकरा दिवस उभं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

टिल्टची मोटर ही माझी चूक. वेंगुर्ल्यात मी बटण दाबलं, इंजिन वर गेलं, खाली आलं, मी पुढे सरकलो. सात वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या मोटरची ती परीक्षाच नव्हे. दहा वेळा सलग वर-खाली करून ती किती करंट ओढते ते बघायला हवं होतं, आणि तारांच्या तोंडाशी गंज आहे का तेही. पंधरा मिनिटांचं काम होतं.

चाचणीला बोटीत आम्ही चौघंच होतो. तेव्हा फेऱ्या ५,३०० दिसल्या आणि समाधान झालं. दहा माणसांचं वजन टाकून, निदान पाण्याचे पिंप ठेवून चाचणी घेतली असती तर पंख्याची गोष्ट तिथेच कळली असती.

इंधनाचा हिशेब आम्ही शेवटच्या रात्री केला. तो गोव्याला जायच्या आधी, घरी बसून दहा मिनिटांत होण्यासारखा होता. गोव्याची ती बोट वाईट होती असंही मी म्हणणार नाही. गोड्या पाण्याच्या तलावात, महिन्यातून दोन रविवार चालवणाऱ्या आणि भागासाठी दोन महिने थांबू शकणाऱ्या माणसाला ती दुरुस्त करून चांगली चालली असती.

भिंतीच्या खर्चाबाबत मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. ओल किती आत गेली आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि विकणारा उघडू देत नाही. एकाच्या जागी चार बोल्ट काढू द्यायला सांगितलं असतं तर अंदाज जवळ आला असता आणि किंमत आणखी तीस-चाळीस हजार उतरली असती, असं वाटतं.

बोट आता शाकारलेली आहे. तास २,७१०. पेटीत एक इम्पेलर, दोन फिल्टर, चार प्लग, एक थर्मोस्टॅट आणि आता टिल्ट मोटरचा एक जुना पण चालू नग. गिअरकेसच्या सीलमधून यंदा थोडं पाझरताना दिसलं, किट परवा आलं. नारळी पौर्णिमेच्या आत ते बसवायचं आहे.